आकृतीस वाचा फुटली

नभोवाणीवरून बोलणाऱ्याची एक मोठी अडचण अशी की, त्याला काही दाखविता येत नाही. एखाद्या चित्राविषयी तो तासभर बोलेल, परंतु त्या चित्रातील एक रेषाही श्रोत्याच्या डोळ्यांपुढे उभी करणे त्याच्या हाती नसते. भूमितीची गोष्ट मात्र निराळी आहे. 'क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर पंचवीस' एवढे सातच शब्द ध्वनिक्षेपकातून उच्चारले, तर शाळेत बीजगणित शिकलेला कोणीही श्रोता, मग तो नागपुरास असो की बेळगावास, कागद-पेन्सिल घेऊन एक वर्तुळ काढील. ते वर्तुळ ५ एकक त्रिज्येचेच असेल. रेसभरही लहानमोठे असणार नाही. आकृती न दाखविता आकृती सांगता येते, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. तथापि ग्रीक पंडितांनी भूमितीस शास्त्राचे रूप दिल्यापासून ही युक्ती मनुष्याच्या हाती येईपर्यंत जवळजवळ दोन हजार वर्षे जावी लागली. बुद्धीचा तुटवडा होता म्हणून इतका काळ लागला असे नव्हे. अडचण होती ती लिहिण्याची.

युक्तीचे मर्म थोडक्यात असे आहे. एका विस्तीर्ण मैदानात दोन रस्ते एकमेकांस काटकोनात छेदून जात आहेत, एक पूर्व-पश्चिम व दुसरा दक्षिणोत्तर, अशी कल्पना करावी. मैदानातील कोणत्याही झाडाचा पत्ता मग दोन आकड्यांनी सांगता येतो : चौकापासून पूर्वेस इतके हात आणि तेथून उत्तरेस इतके हात. पहिल्या आकड्यास क्ष म्हणावे, दुसऱ्यास य. आता अशी अट घालावी की, दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज २५ भरली पाहिजे. पूर्वेस ३ हात व उत्तरेस ४ हात असलेले झाड या अटीस उतरते, कारण ९ आणि १६ मिळून २५ होतात. पूर्वेस ४ व उत्तरेस ३ हात असलेलेही उतरते, आणि उत्तरेस मुळीच न जाता पूर्वेस ५ हातांवर असलेलेही उतरते. अटीस उतरणारी सर्व ठिकाणे जोडीत गेले म्हणजे चौकाभोवती एक वर्तुळ पुरे होते. अट बदलली की आकृती बदलते. 'य बरोबर क्ष' असे म्हटले, तर तिरपी सरळ रेषा मिळते. 'य बरोबर क्षचा वर्ग' असे म्हटले, तर अन्वस्त नावाची वक्ररेषा मिळते, आणि वाऱ्याचा अडथळा नसता फेकलेला चेंडू याच जातीच्या रेषेने जातो. अट म्हणजेच समीकरण, आणि समीकरण म्हणजेच आकृतीचे अक्षररूप. या शास्त्रास बीजभूमिती किंवा निर्देशक भूमिती असे म्हणतात.

ही कल्पना प्राचीन ग्रीकांच्या मनास शिवली नव्हती असे म्हणता येणार नाही. इसवी सनापूर्वी सुमारे दोनशे वर्षे होऊन गेलेला पर्गा येथील अपोलोनियस हा वक्ररेषांचा सर्वांत मोठा प्राचीन अभ्यासक होय. शंकू निरनिराळ्या तऱ्हांनी कापला असता ज्या वक्ररेषा मिळतात, त्यांवर त्याने आठ भागांचा ग्रंथ लिहिला. पहिले चार भाग मूळ ग्रीक भाषेत टिकले, पुढील तीन अरबी भाषांतरामुळे वाचले आणि आठवा नष्ट झाला. वक्ररेषेच्या आत एक आधाररेषा घ्यावयाची, वक्ररेषेवरील बिंदूपासून त्या आधाररेषेपर्यंत दुसरी रेषा काढावयाची, आणि या दोन लांबींमध्ये कोणता संबंध असतो ते सिद्ध करावयाचे, ही अपोलोनियसची पद्धती आहे. या वक्ररेषांची युरोपीय भाषांतील नावेही त्याच संबंधावरून पडलेली आहेत. एका लांबीवरचा चौरस दुसऱ्या लांबीवरच्या ठराविक आयताशी नेमका जुळला तर एक नाव, कमी पडला तर दुसरे व वरचढ झाला तर तिसरे. मराठीत त्यांनाच अनुक्रमे अन्वस्त, विवृत्त किंवा लंबवर्तुळ, आणि अपास्त असे म्हणतात.

म्हणजे अट होती, आधाररेषा होती, संबंधही होता. नव्हते ते एकच : तो संबंध लिहिण्याची लिपी. ग्रीकांच्या आकृतींत अक्षरे जागोजाग आढळतात, परंतु ती बिंदूंची नावे असत, राशींची नव्हेत. जो संबंध आज अर्ध्या ओळीत मावतो, तो सांगावयास अपोलोनियसला लांबलचक वाक्य रचावे लागे. आणि त्या वाक्यावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार असे संस्कार करावयाचे, तर मूळ आकृती सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागे. वाक्याचा विस्तार करता येत नाही, त्यातील एखादे पद उचलून पलीकडच्या बाजूस टाकता येत नाही. बुद्धी कितीही तीव्र असली, तरी ती शेवटी आकृतीच्या दावणीला बांधलेलीच राहिली.

याखेरीज आणखी एक भिंत आडवी होती. ग्रीकांच्या मते दोन लांबींचा गुणाकार म्हणजे क्षेत्र व तीन लांबींचा गुणाकार म्हणजे घनाकार. मग चार लांबींचा गुणाकार म्हणजे काय? त्यास काही अर्थच नव्हता, कारण अवकाशाची परिमाणे तीनच. ही अडचण किती खरी होती, हे चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या पापसने नोंदवून ठेवलेल्या एका कूटप्रश्नावरून दिसते. काही सरळ रेषा दिलेल्या आहेत. एका बिंदूपासून त्यांपैकी निम्म्या रेषांपर्यंतची अंतरे गुणली, तर तो गुणाकार उरलेल्या निम्म्या रेषांच्या अंतरांच्या गुणाकाराशी एका ठराविक प्रमाणात असला पाहिजे. असा बिंदू कोणकोणत्या ठिकाणी असू शकेल? तीन किंवा चार रेषा असतील तर शंकूच्या छेदापैकी एक वक्ररेषा मिळते, हे प्राचीनांस ठाऊक होते. सहा रेषांपर्यंत निदान प्रश्न तरी सरळ शब्दांत मांडता येई. सहांहून अधिक रेषा घेतल्या की, प्रमाणांची साखळी जोडून कसाबसा आडमार्ग काढावा लागे. पापसच्या पुढे हा प्रश्न बाराशे वर्षे तसाच पडून राहिला.

अक्षरांनी राशी लिहिण्याची कला ज्या देशांत लवकर उदयास आली, त्यांत भारताचे स्थान अग्रगण्य आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपला 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' रचला, त्यात अव्यक्त राशींचे गणित स्पष्ट आहे. ११५० च्या सुमाराच्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त तर या लिपीचे सर्व अवयव दिसतात. पहिल्या अज्ञात राशीस 'यावत्तावत्' म्हणावयाचे व 'या' एवढेच लिहावयाचे; पुढील अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे, व त्यांची का, नी, पी ही आद्याक्षरे. ज्ञात संख्येस 'रू', वर्गास 'व', ऋण राशीच्या डोक्यावर टिंब, आणि समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७, असा पडतो. ही लिपी त्या मठात शिष्यांच्या हातून गिरविली गेली असेल.

भास्कराचार्यांनी या लिपीच्या बळावर जे साधले, त्याचा एक नमुना जगप्रसिद्ध आहे. अशी वर्गसंख्या कोणती की, तिला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा वर्गसंख्याच यावी? चक्रवाल पद्धतीने त्यांनी उत्तर काढले : ज्याचा वर्ग करावयाचा तो आकडा २२,६१,५३,९८०, आणि बेरजेचे वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९. याहून लहान पूर्णांकांत या प्रश्नास शून्यावाचून उत्तर नाही. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भारतीय बीजगणितातील अव्यक्त अक्षर हे कोठे तरी दडून बसलेल्या संख्येचे नाव होते. ती संख्या शोधून काढली की अक्षराचे काम संपले. अक्षर स्वतः चालू लागले, एका मूल्यापासून दुसऱ्या मूल्याकडे सरकत गेले, तर त्याच्या मागे रेषा उमटेल, हा विचार त्या लिपीत आला नाही. शंकूच्या छेदांचा अभ्यास आपल्याकडील गणिताचा विषय नव्हता, त्यामुळे तशी गरजही उत्पन्न झाली नाही. ग्रीकांपाशी वक्ररेषा होत्या, लिपी नव्हती. भारतीयांपाशी लिपी होती, त्या वक्ररेषा नव्हत्या.

या दोन प्रवाहांच्या मध्यभागी इराणचा उमर खय्याम उभा दिसतो. रुबायांमुळे त्याचे नाव घरोघर झाले असले, तरी १०४८ ते ११३१ या काळात होऊन गेलेला हा पुरुष पहिल्या प्रतीचा गणिती होता. घनसमीकरणांची उत्तरे त्याने दोन वक्ररेषा एकमेकींस कोठे छेदतात हे पाहून काढली. समीकरण आणि वक्ररेषा यांची गाठ येथे प्रथमच अशी पद्धतशीर पडली. परंतु खय्यामचे समीकरणही वाक्यातच लिहिलेले होते.

युरोपात चिन्हे आली ती एकेक करून आणि बरीचशी व्यवहाराच्या वाटेने. अधिक व उणे यांची चिन्हे १४८९ साली लाइपझिग येथे छापलेल्या योहानेस विडमनच्या व्यापारी गणिताच्या पुस्तकात प्रथम छापलेली आढळतात. 'बरोबर' या शब्दाऐवजी दोन आडवे समांतर दंड लिहिण्याची सूचना १५५७ साली इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने केली. जगात याहून अधिक सारख्या अशा दोन वस्तू असणे शक्य नाही, हे त्याने दिलेले कारण. या सर्वांपेक्षा मोठी उडी घेतली ती फ्रान्सच्या फ्रांस्वा व्हिएतने. हा पेशाने कायदेपंडित. राजा चौथ्या हेन्रीच्या पदरी असता त्याने स्पेनची सांकेतिक पत्रे उलगडून दाखविली होती, तेव्हा अक्षरांशी खेळण्याचा त्याचा हात बसलेलाच होता. १५९१ च्या आपल्या ग्रंथात त्याने अज्ञात राशींना स्वर दिले आणि ज्ञात राशींना व्यंजने. ज्ञात संख्येसही अक्षर देणे हीच यातील थोर गोष्ट होय. तोवर उदाहरण सोडविले जाई ते विशिष्ट आकड्यांचे. आता एका जातीची सर्व उदाहरणे एकदमच सोडविता येऊ लागली.

तथापि ग्रीकांची ती भिंत व्हिएतनेही ढासळू दिली नाही. त्याच्या नियमाप्रमाणे लांबीत लांबीच मिळवावी व क्षेत्रात क्षेत्रच. अज्ञाताचा वर्ग एका ज्ञात राशीशी समान म्हणावयाचा असेल, तर ती ज्ञात राशी 'क्षेत्र' आहे असे तो शेजारी शब्दाने लिही. वर्ग, घन, वर्गवर्ग यांसही त्याच्याकडे आकडे नव्हते, नावेच होती. लिपी अर्धी अक्षरांची व अर्धी वाक्यांची राहिली.

भिंत पाडण्याचे काम रने देकार्तच्या हातून व्हावयाचे होते. त्याचा जन्म ३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्सच्या तुरेन प्रांतात झाला. ला फ्लेश येथील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. तरुणपणी काही काळ सैन्यात व काही काळ प्रवासात घालवून, शांतपणे विचार करता यावा म्हणून १६२८ च्या सुमारास तो हॉलंडात जाऊन राहिला. १६३१ साली लायडन विद्यापीठाच्या याकोब गोलियसने पापसचा तो जुना कूटप्रश्न त्याच्याकडे धाडला. पाच-सहा आठवड्यांत तो आपण सोडविला, असे देकार्तने पुढे लिहिले आहे. १६३७ साली लायडन येथे त्याचा 'पद्धतीविषयी विवेचन' हा ग्रंथ लेखकाचे नाव न घालता प्रसिद्ध झाला. त्यास तीन निबंध जोडलेले होते : एक प्रकाशाच्या वक्रीभवनावर, एक वातावरणातील चमत्कारांवर आणि तिसरा, शंभर-सव्वाशे पानांचा, 'भूमिती' या नावाचा. मूळ ग्रंथाने तत्त्वज्ञानाचा ओघ बदलला. या शेवटल्या निबंधाने गणिताचा बदलला.

'भूमिती'च्या आरंभीच एक साधी दिसणारी रचना आहे. कोणतीही एक लांबी घेऊन तिला 'एक' म्हणावे, एवढीच देकार्तची मागणी. मग समरूप त्रिकोणांच्या साहाय्याने दोन लांबींचा गुणाकारही लांबीच म्हणून काढता येतो : जसे १ चे ३ शी प्रमाण, तसे ४ चे १२ शी, म्हणून ३ व ४ या लांबींचा गुणाकार १२ ही एक रेघच होय, क्षेत्र नव्हे. एवढ्या युक्तीने परिमाणांची भिंत कोसळली. वर्गही रेघ, घनही रेघ आणि चार, पाच, सहा लांबींचा गुणाकारही रेघच. लांबीत वर्ग मिळविण्यास आता काही प्रत्यवाय उरला नाही. आणि घात हा आता आकाराचा नसून केवळ संख्येचा प्रश्न झाल्यामुळे त्याची नावे टाकून देऊन अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडा लिहिणे देकार्तला सुचले. ज्ञात राशींना वर्णमालेच्या आरंभीची अक्षरे व अज्ञात राशींना शेवटची अक्षरे, ही त्याचीच वाटणी. मराठी पाठ्यपुस्तकांत जे अ, ब, क आणि क्ष, य आले, ते याच वाटणीचे वंशज आहेत.

या लिपीपुढे पापसचा प्रश्न कसा वितळला, ते पाहण्यासारखे आहे. बिंदूचे स्थान क्ष आणि य या दोन अक्षरांनी सांगितले की, त्याचे कोणत्याही दिलेल्या रेषेपासूनचे अंतर क्ष व य यांच्या साध्या, पहिल्या घाताच्या पदांत लिहिता येते. चार रेषा असतील, तर दोन-दोन अंतरांचे गुणाकार होतात, म्हणून समीकरण दुसऱ्या घाताच्या पुढे जात नाही. आणि दुसऱ्या घाताचे समीकरण म्हणजे शंकूच्या छेदाचे कुळ. सहा रेषांना तिसरा घात, आठ रेषांना चौथा. जेथे ग्रीक पंडितांना अर्थच लागत नव्हता, तेथे आता केवळ एक घात वाढत होता. वक्ररेषांची प्रतवारी त्यांच्या दिसण्यावरून न करता समीकरणाच्या घातावरून करावी, ही दृष्टी येथूनच सुरू झाली.

देकार्तविषयी एक गोष्ट शालेय पुस्तकांत वारंवार छापली जाते. बिछान्यावर पडून छताकडे पाहत असता एक माशी फिरताना दिसली आणि तिचे ठिकाण कसे सांगावे या विचारातून त्याला दोन अक्ष सुचले, अशी ती कथा. तिला कसलाही आधार नाही. 'भूमिती'त आज परिचित असलेला चौकटीचा आलेखकागद कोठेही सापडत नाही. तेथे आधाररेषा एकच असून दुसरी रेषा वाटेल त्या ठराविक कोनात कललेली असते; ऋण अंतरांचा पद्धतशीर उपयोगही नाही. देकार्तच्या पुस्तकातील नवी वस्तू आकृती ही नव्हेच. त्याची आकृती अपोलोनियसला सहज ओळखू आली असती. तिच्याखालची समीकरणाची ओळ मात्र त्याला वाचता आली नसती.

याची सर्वांत चांगली साक्ष पिएर द फर्माच्या चरित्रात मिळते. तुलूझच्या न्यायसभेत काम करणारा हा गृहस्थ फावल्या वेळात गणित करी. १६३७ पूर्वीच त्याने एक छोटा निबंध सिद्ध केला होता. ज्या समीकरणात दोन अज्ञात राशी असतात, ते समीकरण एक सरळ किंवा वक्र रेषा निर्माण करते, हे तत्त्व त्यात देकार्तहूनही स्वच्छ मांडलेले आहे. सरळ रेषा, वर्तुळ, अन्वस्त, विवृत्त व अपास्त यांची समीकरणे तेथे एकामागून एक दिलेली आहेत. देकार्त प्रश्नापासून समीकरणाकडे गेला. फर्मा समीकरणापासून रेषेकडे आला. विचार तोच, एकमेकांस न विचारता दोघांस सुचलेला. परंतु फर्मा व्हिएतच्या जुन्या लिपीतच लिहीत राहिला : अज्ञातास स्वर, वर्गास शब्द, आणि लांबीशी लांबीच. शिवाय त्याने आपला निबंध छापला नाही. मर्सेन या विद्वान धर्मोपदेशकाच्या मध्यस्थीने पॅरिसच्या मंडळीत तो हस्तलिखितात फिरला आणि छापून निघाला तो फर्माच्या मृत्यूनंतर, १६७९ साली. तोपर्यंत युरोपातील तरुण गणिती देकार्तची अक्षरे गिरवून मोठे झाले होते. एकाच शोधाच्या दोन जनकांपैकी एकाची लिपी जगाने उचलली व दुसऱ्याची मागे पडली, याचे कारण विचारापेक्षा लेखणीत अधिक आहे.

देकार्तचे पुस्तक सोपे नव्हते. कित्येक सिद्धता त्याने मुद्दामच गाळल्या होत्या, आणि जे गाळले त्याबद्दलही भावी पिढ्या आपले आभार मानतील, अशा आशयाचे उद्गार काढून त्याने पुस्तक संपविले. ते सर्वांच्या आटोक्यात आणले लायडनच्या फ्रान्स फान स्कूटेनने. त्याने १६४९ साली त्याचे लॅटिन भाषांतर टीपांसह प्रसिद्ध केले व १६५९ ते १६६१ या काळात पुष्कळ भर घालून दुसरी आवृत्ती काढली. केंब्रिजच्या तरुण आयझॅक न्यूटनने ही भूमिती वाचली ती या लॅटिन रूपातच.

नवी लिपी सर्वांनी आनंदाने स्वीकारली असे मात्र झाले नाही. १६५५ साली जॉन वॉलिसने शंकू बाजूस ठेवून केवळ समीकरणांवरून शंकूच्या छेदांचे विवेचन केले, तेव्हा तत्त्ववेत्ता टॉमस हॉब्ज संतापला. पुस्तकाच्या पानांवर चिन्हांची खरूज उठली आहे, अशी त्याची तक्रार होती. या तक्रारीत थट्टेखेरीज काही तथ्यही आहे. आकृती पाहून सिद्धांत पटतो, तेव्हा तो का खरा आहे हे डोळ्यांस दिसते. चिन्हे इकडून तिकडे हलवून उत्तर येते, तेव्हा ते खरे असते, पण का खरे ते दिसतेच असे नाही. स्वतः न्यूटनने या लिपीत असामान्य प्रावीण्य मिळविले आणि तिसऱ्या घाताच्या वक्ररेषांच्या ७२ जाती मोजल्या. ती गणना १७०४ साली प्रसिद्ध झाली. तरीही १६८७ चा आपला महान ग्रंथ 'प्रिन्सिपिया' त्याने प्राचीनांच्या भौमितिक भाषेतच लिहिला, आणि त्यात पापसचा चार रेषांचा प्रश्न मुद्दाम समीकरणावाचून, निव्वळ भूमितीने सोडवून दाखविला. ज्याच्या हाती नवे शस्त्र सर्वांत अधिक चालत होते, त्यालाच जुन्याचे सौंदर्य सर्वांत अधिक जाणवत होते.

देकार्तलाही आपल्या लिपीची खरी शक्ती पुरती उमगली नव्हती. जी वक्ररेषा साध्या बीजगणिती समीकरणात मावत नाही, उदाहरणार्थ गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी सर्पिल रेषा, तिला त्याने भूमितीच्या बाहेर ठेवले. वक्र रेषेची लांबी व सरळ रेषेची लांबी यांमधील प्रमाण मनुष्यास नेमके कळणे शक्य नाही, असेही त्याने 'भूमिती'त लिहून ठेवले. ११ फेब्रुवारी १६५० रोजी स्वीडनच्या राणीच्या पदरी असता स्टॉकहोम येथे त्याचे देहावसान झाले. पुढे सातच वर्षांनी विल्यम नील या इंग्रज तरुणाने एका बीजगणिती वक्ररेषेची नेमकी लांबी काढली. फान ह्यूरात या डच गणित्यानेही स्वतंत्रपणे तेच केले, आणि त्याची सिद्धता छापली गेली ती खुद्द देकार्तच्या 'भूमिती'च्या १६५९ च्या लॅटिन आवृत्तीस जोडून. ग्रंथकाराने जे अशक्य म्हटले, ते त्याच्याच लिपीने त्याच्याच ग्रंथात शक्य करून दाखविले!

यापुढील शतकांत या लिपीचे पीक सर्वत्र आले. लायब्निट्सने निर्देशकांस आज रूढ असलेले पारिभाषिक नाव दिले. १७४८ साली लेओनार्ड ऑयलरने दुसऱ्या घाताच्या सर्व वक्ररेषांचा विचार एकाच व्यापक समीकरणातून केला. याच ऑयलरला १७६६ नंतर काही वर्षांतच जवळजवळ संपूर्ण अंधत्व आले, तरी त्याचे लेखन थांबले नाही. १७७० साली निघालेले आपले बीजगणित त्याने तोंडाने सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेतले. जे शास्त्र अक्षरांनी बोलते, ते डोळे गेल्यावरही चालू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. १८३७ साली, म्हणजे 'भूमिती' निघाल्यास बरोबर दोनशे वर्षे झाली असता, पिएर वांत्सेल या फ्रेंच गणित्याने कोनाचे तीन समान भाग करणे व दिलेल्या घनाच्या दुप्पट घन करणे ही ग्रीकांची दोन सुप्रसिद्ध कामे केवळ पट्टी व कंपास यांनी होणे अशक्य आहे, हे सिद्ध केले. दोन हजार वर्षे लोक आकृत्या काढीत राहिले व फसत राहिले. 'हे होणारच नाही' असे आकृती कधी सांगू शकत नाही. ते सांगितले समीकरणाने.

आता त्या ६१ च्या आकड्याकडे पुन्हा वळता येईल. १६५७ साली फर्माने आपल्या समकालीन गणित्यांपुढे जे आव्हान टाकले, त्यात उदाहरणादाखल नेमका ६१ हाच आकडा होता. भास्कराचार्यांनी पाचशे वर्षांपूर्वी तो प्रश्न सोडविला आहे, याची युरोपात कोणास गंधवार्ता नव्हती. कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून केलेले 'बीजगणिता'चे इंग्रजी भाषांतर १८१७ साली निघाले. 'क्षचा वर्ग उणे ६१ वेळा यचा वर्ग बरोबर १' हे ते समीकरण. भास्कराचार्यांनी त्यात दोन दडलेल्या संख्या पाहिल्या. फर्माच्याच निबंधाच्या दृष्टीने पाहिले, तर ते एका अपास्ताचे समीकरण आहे. चौकापासून दूर निघून जाणारी ती वक्ररेषा पुढे जाता जाता क्वचितच अशा ठिकाणी येते की, जेथे दोन्ही आकडे पूर्णांक असतात. आरंभीचे ठिकाण सोडले, तर असे पहिले ठिकाण भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच नोंदून ठेवले होते. त्या ठिकाणाखालून एक रेषा जात आहे हे दिसण्यास पाच शतके लागली.

देकार्तचे ते शेवटचे अक्षर आता गणिताच्या बाहेरही पुष्कळ फिरले आहे. १८९५ साली राँटगेनला अनोळखी किरण सापडले, तेव्हा त्याने त्यांना याच अज्ञातदर्शक अक्षराचे नाव दिले, आणि मराठीने त्यांस क्ष-किरण म्हटले. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा माणसासही मराठी माणूस 'क्ष' म्हणून मोकळा होतो. एका रेघेस 'एक' म्हणण्याचे धाडस आणि दुसरीस नाव न ठेवता केवळ अक्षर देण्याचा संयम, एवढ्या दोन गोष्टींतून हे सारे निघाले आहे. आकृती पूर्वी पाहिल्यावाचून कळत नसे. ती आता सांगता येते, ऐकता येते आणि जिला कोणी कधी पाहिले नाही तीही लिहून ठेवता येते.